देवाच्या नावावरचं दुकान

ओसरीवर विनोदिनीबाईंचं शिलाई मशीन चालतं म्हणून नगर निगमने घराला दुकानाचा कर लावला. ही चुगली समोरच्या साडीवाल्या धर्मपालने केली, हे कळल्यापासून त्यांच्या नवऱ्याला, अनंतरावांना, अन्न गोड लागेना. ब्लाउज शिवायला बाया आपल्या दुकानातून उठून विनोदिनीबाईंकडे जातात, हे धर्मपालला खुपत होतं.

"मशीन विकून टाकते," विनोदिनीबाई म्हणाल्या. "शिवलेलं सारं करातच जाणार, तर डोळे काहून फोडायचे?"

अनंतराव रेल्वेतून निवृत्त झालेले. पेन्शनवरचा कर पेन्शन आली तरच कापतात, साडीवरचा कर साडी घेणारा देतो. घर मात्र दमडी कमवत नाही, तरी भिंतींवर कर. तरीसुद्धा ते या कराची बाजू घेत. पैसा दडवता येतो, घर कुठे दडवणार?

निगमच्या कचेरीत निरंजनने त्यांचा हा भ्रम फोडला. तो तिथे बाबू होता.

"धर्मपालनं दडवलं न, काका. खालचा मजला त्यानं मंदिर म्हणून लिहून दिला. देवाला कर नाही."

"तिथं तर साड्या विकते तो!"

"गल्ल्यामागं गणपती बसवला आहे. आमचा माणूस गेला की शेठ अगरबत्ती लावते. कागदावर 'सार्वजनिक मंदिर' आहे, आम्ही काय करू?"

'सार्वजनिक' हा शब्द घोळवत अनंतराव ब्राह्मणपाऱ्यात, आपल्या मोहल्ल्यात, परतले, ते हसतच.

ऐन लग्नसराईत, दुकान भरलेलं असताना, ते पाऱ्यातली मराठी मंडळी घेऊन धर्मपालकडे आत शिरले. हातात टाळ, झांजा. दारातल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "भैया, चप्पल बाहर. देवाचं घर आहे."

धर्मपाल उसळला. "ये क्या तमाशा है, बाबूजी? मेरी दुकान है!"

"दुकान काहून म्हणता, शेठ? सार्वजनिक मंदिर आहे. तुम्हीच लिहून दिलं न?"

इतरांची आरती एका देवात आटोपते. मराठी माणूस मात्र गणपतीवर थांबत नाही. मग शंकर, देवी, दत्त, विठोबा, आणि कुणाला आठवलं की मारुतीसुद्धा. झांजांपुढे भाव सांगणाऱ्या पोऱ्यांचे आवाज बुडाले. नवरीची आई बनारसी तशीच टाकून गोल बाजारकडे चालती झाली.

दुसऱ्या संध्याकाळी मंडळी वाढली. तिसऱ्या संध्याकाळी शेजारच्या पाऱ्यातला ढोल आला.

शेवटी धर्मपालच ओसरीवर आला. "दीदी की शिकायत वापस ले लूँगा. बस, ये आरती बंद करवाइए."

"तक्रार तर मागे घ्याच," अनंतराव म्हणाले. "पण ते मंदिर आहे का दुकान, हे आधी निगमात लिहून द्या. मंदिर असेल तर आम्ही रोज येऊ."

"हमको बरबाद करोगे क्या?"

"बायकोला मशीन विकायला लावत होता तुम्ही. तवा विचारलं होतं मले?"

धर्मपालने 'दुकान' लिहून दिलं. विनोदिनीबाईंचं घर पुन्हा घर ठरलं. आठवड्याभरात निरंजन फीत घेऊन धर्मपालकडे मोजायला आला. मागच्या सगळ्या वर्षांचा कर, वर दंड. अनंतरावांनी खुर्ची रस्त्यावर ओढली आणि पायावर पाय टाकून बसले.

"झालं न मनासारखं?" मशीनवरून विनोदिनीबाई म्हणाल्या. "आता आत या. चहा थंडा होऊन राहिला."

"होऊ दे," अनंतराव म्हणाले. आणि मग, साऱ्या पाऱ्याला ऐकू जाईल असं ओरडले, "निरंजन, मागचं गोदाम सोडू नको, बाप्पा!"