नळी कुणी मोजायची

१९९७ चा जानेवारी होता. दुबईत आम्हाला चार वर्षं झाली होती आणि तिघांचाही व्हिसा वीस तारखेला संपत होता. सही बू राशिद करणार होते. ते आमच्या यांचे कफील, म्हणजे ज्यांच्या नावावर आमचा व्हिसा होता ते मालक. शुभ्राची दहावी दीड महिन्यावर आली होती. सही झाली नाही तर तिला कुठल्या शाळेत बसवायचं, हे मी रोज मनात घोळवत असे.

आमचे हे, गुणवंत, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बावीस वर्षं तपासनीस होते. बू राशिदना जुन्या लष्करी रायफलींचा भारी नाद. अल क्वोजमधल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये हे त्या रायफलींसाठी शिशाच्या गोळ्या ओतत. येत्या शुक्रवारी पाहुण्यांसमोर बू राशिद वडिलांची थ्री-नॉट-थ्री चालवणार होते. त्यासाठी अमेरिकेहून चार साचे मागवले होते. त्यांतला एक यांनी निवडायचा होता.

मंगळवारी दुपारी हे जेवायला आले ते नेमाचा कागद हातात घेऊनच. पाच भोकं, पण एकही गोल नाही. मी शिवणकाम करणारी, मला ती शर्टाची काजं वाटली.

"गोळी आडवी होऊन लागतेय," हे म्हणाले. "तीन साच्यांचं हेच. ही सगळ्यांत देखणी, लांब नाकाची. ड्रॉइंगबरहुकूम तीनशे अकरा थाउ, इंचाचे हजारावे भाग गं. केसाचाही फरक नाही."

"आणि चौथा साचा?"

"ठोंब्या आहे तो. आखूड नाक, जाड अंग, तीनशे पंधरा. खडकीत असला माल मी पेटीसकट परत पाठवला असता."

"बू राशिद काय म्हणाले?"

"'शुक्रवारी असं झालं तर खलास, गुणवंत.' हसत म्हणाले गं, पण..." पुढचं त्यांनी वरणभातात कालवलं.

शुभ्राने पुस्तकातून मान वर केली. "आर वी गोइंग बॅक, बाबा?"

मी त्या काजांकडे बघत होते. छत्तीस मापाचा ब्लाउज छत्तीसच्या प्रत्येक बाईला बसतो असं थोडंच असतं?

"अहो, बंदुकीची नळी मोजलीत?"

"नळी?" शेजारच्यांच्या घरात आज काय शिजलंय असं विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आमच्याकडे रायफल बंगालातल्या इछापूर कारखान्याची, गोळी खडकीची. नळी तिकडचे लोक मोजायचे. मी उभ्या नोकरीत एक नळी मोजलेली नाही."

"मग इथे इछापूरहून कोण येणार आहे?"

हे अर्ध्या जेवणावरून उठले.

चार वाजता फोन आला. "लियाकतने मऊ शिशाचा गोळा नळीतून ठोकत पार केला." लियाकत म्हणजे वर्कशॉपमधला पेशावरचा मिस्त्री. "बाहेर आला तो तीनशे चौदा! आतून झिजलीय गं ती. माझ्या गोळ्या आत नुसत्या डुलत होत्या."

"मग ठोंब्या?"

"ठोंब्याच. पण रायफल आत्ताच बू राशिदच्या अवीरच्या फार्मवर गेली. चाचणी घेता येणार नाही. थेट शुक्रवारीच."

शुक्रवारी हे सहालाच गेले. मी तेच तांदूळ तीनदा निवडले. फोन वाजला की शुभ्रा आणि मी एकमेकींकडे बघायचो. एकदा राँग नंबर, एकदा शेजारची कुंदा, तिला इडलीपात्र हवं होतं. मी तिच्यावर उगाच खेकसले.

तीन वाजता हे आले. चेहऱ्यावरून काही कळेना. खिशातून घडी घातलेला कागद काढून दिला. मी तो बाल्कनीच्या उजेडात धरला. सहा भोकं, सहाही गोल. सातवं पार कोपऱ्यात, तेही गोल.

"कोपऱ्यात गेलं तो बू राशिदचा नेम," हे म्हणाले. "माझ्या गोळीचा दोष नाही तो."

"आणि सही?"

"पासपोर्ट रविवारी घेऊन ये म्हणाले. इन्शाल्ला."

चार वर्षांत त्या शब्दाचे होकारही पाहिले होते आणि नकारही. शनिवारभर मला अन्न गोड लागलं नाही.

रविवारी सही झाली. सोमवारी हे उरलेल्या अकरा रायफलींच्या नळ्या मोजायला बसले.