डावी बाजू, उजवी बाजू

फर्मँ लाक्रोझ पुन्हा पुन्हा बघत होता. काचेमागच्या त्या जुन्या छापचित्रात राजवाड्यातली एक भिंत होती. मधोमध आरसा, खाली शेकोटी. पण आरशाच्या डावीकडची नक्षी उजवीकडच्या नक्षीशी जुळतच नव्हती. डावीकडे पानं नि माकडं, उजवीकडे नुसते शिंपले.

ओदीलनं, त्याच्या बायकोनं दुरुस्त केलेला हा शेवटचा कागद. उभा जन्म ती या संग्रहालयात फाटके कागद सांधत आली. गेल्या हिवाळ्यात मात्र जेवताना तिच्या हातातून काटा गळून पडायचा. घरी तो उचलून देई. इथे कोण देणार? वसंतात ती गेली. आणि आता ही चूक सगळ्या पॅरिसनं बघितली असणार.

संग्रहाच्या प्रमुख मादाम तेव्हनो दालनातून चालल्या होत्या. फर्मँचं आयुष्य मटणाच्या दुकानात गेलेलं. आडून बोलणं त्याला जमत नसे. त्यानं टोपी काढली आणि सांगून टाकलं, की बायको आजारी होती, ही चूक तिच्या नावावर ठेवू नका.

मादामना आधी उलगडाच होईना. मग त्यांनी समजावलं. असे कागद म्हणजे त्या काळचे नमुने. एकाच भिंतीचे दोन पर्याय, अर्धा हा, अर्धा तो. गिऱ्हाइकानं आवडेल तो निवडायचा. ओदीलचं काहीच चुकलं नव्हतं.

"म्हणजे मीच गाढव," फर्मँ म्हणाला. "ती म्हणायचीच, तू आपल्या बरगड्या तोड, कागदाकडे फिरकू नकोस." मग त्यानं विचारलं, "बरं, यातलं तिचं कुठलं?"

मादाम वाकल्या. खालच्या कोपऱ्यात मोठं भोक होतं, ओदीलनं ते बुजवून तुटलेल्या रेघा पुऱ्या केल्या होत्या, एवढं त्यांना आठवत होतं.

"खरं सांगू? मलाही सापडत नाहीये. चौकटीतून काढून तिरप्या उजेडात धरलं, तर कदाचित दिसेल."

"मग धरा ना."

ते होण्यासारखं नव्हतं. प्रदर्शनाचा आज शेवटचा दिवस. उजेडानं कागद खराब होतो, म्हणून संध्याकाळी तो पेटीत जाणार होता आणि पुढची काही वर्षं कुणालाच दिसणार नव्हता.

"ओदील असती, तर तिनंच मला अडवलं असतं," मादाम हळूच म्हणाल्या.

त्या गेल्यावर तो कोपऱ्याशी वाकून एकेक रेघ बघत राहिला. सगळ्या सारख्याच जुन्या.

मागे एक जोडपं ताटकळत होतं. "काका, जरा आम्हालाही," मुलगी म्हणाली.

तो बाजूला झाला.