बाजाची उचकी

समाधानच्या किबोर्डला उचकी लागायची. दुसरा शब्द नाही त्याला. धृपद संपून अंतऱ्यावर जायची वेळ आली की समाधान एक बटण दाबून बासरीच्या जागी पेटीचा आवाज आणायचा. तेवढ्यात सगळा बाजा मुका. सूर गेला, ढोलकी गेली, टाळ गेले. ‘एक, दोन’ म्हणावं एवढा वेळ. मग पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही.

त्या एक-दोनमध्ये समाधानची इज्जत जायची.

गेवराईत त्यांची गायन पार्टी म्हणजे दोनच माणसं. माया गायची, तिचा नवरा समाधान वाजवायचा. दिवसा तो नळफिटिंग करायचा, ती हंगामात जिनिंग कारखान्यात कापूस लोटायला जायची. कुणाचं नामकरण, कुणाचा गृहप्रवेश, कुणाचं पुण्यानुमोदन, आणि जयंतीच्या दिवसांत भीमगीतं. पूर्वी बिभीषण ढोलकीला होता. तो डीजेच्या गाडीवर गेला, कारण तिथं हात दुखत नाहीत. तेव्हापासून ढोलकीही किबोर्डातच. त्यामुळं किबोर्ड थांबला की मायाच्या मागं काहीच उरायचं नाही.

लोकांचं काय सांगावं! डीजेवाल्याचा जनरेटर अर्धा तास बंद पडला तरी पोरं त्याच्या गाडीला धरून उभी राहतात. मायाच्या गाण्यात दोन आकड्यांचा खंड पडला की शिट्ट्या. “ओ मास्तर, सायलेन्सर फाटला काय?” समाधान त्या क्षणी मान खाली घालायचा आणि बटणांकडं बघत राहायचा. चार वर्षं तो असाच बटणांकडं बघत आला होता.

जानेवारीच्या शेवटी दिंद्रुडहून छबुबाईंचा फोन आला. छबुबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, आता तिथल्या महिला मंडळाच्या सर्वेसर्वा. सात फेब्रुवारीला रमाई जयंतीचा कार्यक्रम दरसाली त्याच घ्यायच्या, तोही दुपारी चारला, बायकांना सैपाकाच्या आत घरी जाता यावं म्हणून.

“समाधान, मायाचं गाणं पायजेच. पर तुजा बाजा मागल्या साली सारका बंद पडत व्हता. यंदा नीट करून आण. न्हाईतर माजलगावात एक पोरगी हाय, ती मोबाइलच्या म्युझिकवर गाती. तिला बलवीन.”

“नीट करूनच आणतो, ताई.” 

तो गेला अशफाककडं. अशफाक शाळेपासूनचा दोस्त, स्टँडमागं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. अशफाकनं तासभर नेटवर शोधाशोध केली आणि सांगितलं, की दोष समाधानच्या हाताचा नाही, किबोर्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरचा आहे. कंपनीनं त्याच्यासाठी नवं फर्मवेअर काढलंय. ते पेनड्राइव्हवरून आत भरलं की आवाज बदलताना खंड पडणार नाही.

“कवा काढलं?”

“दोन साल झाले.”

“म्हंजी दोन साल मी फुकट शिव्या खाल्ल्या?”

“मला विचारलं कवा बे तू? नळ गळला की लोक तुझ्याकडं येतेत, बाजा गळला की तू माझ्याकडं नको का यायला?”

समाधान उड्या मारत घरी आला. माया नुकतीच जिनिंगवरून आली होती, दारात बसून केसांतला कापूस वेचत होती.

“आपली उचकी जाणार,” तो म्हणाला.

तिचा हात थांबला. “पुरीच?”

“पुरीच. बटण दाबलं की गाणं सरळ पुढं. सुईच्या टोकाएवढा खंड न्हाई.”

“कावून छेडता तेला? चालू हाय ते बिगडलं म्हंजी?”

“चालू हाय म्हणती! लोक तोंडावर हसतेत माझ्या.”

“हसू द्या की. हसून हसून किती हसतील?”

“तुला काय जातंय, शिव्या मला बसतेत.”

ती कापसाचा एवढासा पुंजका चिमटीत धरून बघत राहिली, मग फुंकून दिला. समाधानला वाटलं, बाई यंत्राला भ्याली.

दुसऱ्या दिवशी त्यानं किबोर्ड गोधडीत गुंडाळून अशफाकच्या टेबलावर ठेवला. अशफाकनं आधी त्यात जमवलेले ताल आणि आवाज एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. दुसऱ्यावर कंपनीची फाइल होती. हे काम चालू असताना वीज गेली तर बाजा कायमचा मुका, असं फाइलसोबत बजावून लिहिलेलं, आणि गेवराईत विजेचा काही नेम नाही. अशफाकनं इन्व्हर्टर जोडला.

“टिकंल का बे ह्यो?”

“माझ्या सासऱ्यासारखा हाय. कुरकूर लई करतो, पर जात न्हाई.”

किबोर्डाच्या चिमुकल्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. अशफाकनं चष्मा वर सरकवला. “सुन. एकदा नवं टाकलं की जुनं परत घेता येत न्हाई, असं लिहिलंय. कबूल?”

“कबूल.”

“तीन बार बोल बे. माझं लग्न ह्याच्यावरच लागलं.”

“कबूल, कबूल, कबूल. दाब आता!”

आकडे सरकायला लागले. चाळीसच्या आसपास डोक्यावरचा पंखा मंदावला आणि थांबला. वीज गेली. इन्व्हर्टर कण्हला. दोन बाप्ये त्या एवढ्याशा पडद्यावर असे वाकले, जसं पाळण्यात कुणी तापानं फणफणलेलं आहे. एकोणसत्तर. ब्याऐंशी. शंभर. किबोर्ड आपला आपण बंद झाला, पुन्हा उजळला. समाधाननं बासरी लावली, बटण दाबलं, पेटी आली. मधे काही नाही. ढोलकी एकसारखी पळत होती. त्यानं वीस वेळा बटण दाबून बघितलं. एकविसाव्यांदा अशफाकनं हात धरला. “बस कर. रडतोस काय येड्या?”

संध्याकाळी घरी तालीम. रमाईचं गाणं समाधाननंच लिहिलेलं:

‘रमाई, तुझ्या हातची भाकर
पुस्तकाच्या पानात जपून ठेवली.’

सहा अंतरे. धृपद झालं, समाधाननं ऐटीत बटण दाबलं, पेटी उमटली, आणि अंतऱ्याचा पहिला शब्द मायाच्या तोंडातून आलाच नाही. दुसऱ्यांदा आला, पण अर्धा. तिसऱ्यांदा तिला खोकल्याची उबळ आली.

“अगं, ताल सोडू नको. आता थांबायचं नसतंय.”

“घसा बसलाय जरा.”

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी समाधानचा तोल गेला. “दोन दिवसांवर कार्यक्रम आलाय आन् तुला अंतरा धरता यीना! बाजा सुदारला तर तू बिगडलीस!”

माया उठली, सकाळच्या डब्याची भाजी चिरायला बसली. त्याच्याकडं पाठ करून.

ती मागच्या साली अंतरा कसा उचलत होती, हे बघायला म्हणून त्यानं दुसऱ्या दिवशी दिंद्रुडचा जुना व्हिडिओ काढला. एका गिऱ्हाइकाच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसला, कानात इअरफोन. धृपद झालं. उचकी आली. बाजा मुका झाला. आणि त्या मुकेपणात त्याला माया ऐकू आली.

माइक तिच्या तोंडाशीच होता. तिनं आत ओढलेला दम होता तो. लांब, खरखरता, मधेच बारीक शिट्टी वाजणारा. भाता फाटलेल्या पेटीत कुणी हवा भरत असावं तसा. भरला न भरला तोच बाजा सुरू झाला आणि माया अंतऱ्यावर आली, स्वच्छ, खणखणीत. त्यानं पुढं सरकवलं. दुसरी उचकी, तोच दम. तिसरी. सहाच्या सहा उचक्यांत ती तेवढंच करत होती. त्याच्यापासून चार हातांवर उभी राहून. आणि व्हिडिओत तो मान खाली घालून बटणांकडं बघत होता, आपल्या इज्जतीचं काय होतंय ते मोजत.

त्यानं पाना टाकीखाली तसाच टाकला आणि घरी आला. माया यायची वाट बघत दारात बसला. ती आल्यावर काही न बोलता तिच्या हातात फोन दिला, इअरफोन तिच्या कानात घातले.

तिनं एकच उचकी ऐकली आणि काढून ठेवले. “कळलं व्हय.”

“कवापासून?”

“तीन हंगाम.”

जिनिंगच्या शेडमध्ये दिवसभर कापसाचा भुगा धुक्यासारखा उडत असतो. तो नाकात जातो, छातीत बसतो. मालकानं एकदा बायकांना मास्क वाटले होते, रांगेत उभं करून फोटो काढला, आणि फोटो झाल्यावर मास्क परत गोळा केले. हे माया हसत सांगायची. समाधानही हसला होता तेव्हा.

“मला सांगायचं न्हाई?” त्यानं विचारलं.

“सांगून?” ती म्हणाली. “तुमी म्हणला असता, बंद कर. आन् काय बंद झालं असतं? जिनिंग तर बंद करता येत न्हवती. गाणंच बंद झालं असतं.”

ते खरं होतं. त्यानं तेच म्हटलं असतं. आणि वरून स्वतःला लई चांगला नवरा समजला असता.

“म्हनून म्या म्हनत व्हते, छेडू नका तेला,” माया म्हणाली. “माझ्यापुरतं बेस चालू व्हतं.”

तो तसाच किबोर्ड काखेत मारून अशफाककडं गेला. “जुनं परत टाक.”

“येत न्हाई. कबूल केलंस ना तीन बार?” अशफाक हसला, मग समाधानचं तोंड बघून त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. सगळं ऐकून घेतलं. “अजब माणूस हाय. लोक बिघाड काढायला येतेत, तू परत घालायला आलास.” मग विचार करून म्हणाला, “तालात दोन मात्रा कोऱ्या ठेव की. मशीनच थांबंल.”

“मशीनला काय ठाव, तिला आज किती दम लागतोय ते?”

अशफाकनं किबोर्ड पुढं ओढला. डाव्या कोपऱ्यात एक बटण होतं, समाधाननं कधी न लावलेलं. ते लावलं की डावा हात पट्ट्यांवर असेपर्यंतच ताल चालायचा. हात उचलला की थांबला, ठेवला की पुन्हा सुरू. “हे घे. आता मशीन न्हाई थांबणार, तू थांबशील. पर तुला पुढं बघावं लागंल बे, बटणांकडं न्हाई.”

सात तारखेला दिंद्रुडच्या विहारापुढच्या मांडवात दोनशे बायका बसल्या होत्या, निळ्या-पांढऱ्या साड्यांत. छबुबाई पहिल्या रांगेत. निघताना समाधान मायाला एवढंच म्हणाला होता, “सोमवारी बीडला दवाखान्यात जायचं.”

“जाऊ. पर डॉक्टरनं गाणं बंद म्हनलं तर?”

“तर आधी त्याला जिनिंग बंद कर म्हणायला लावीन, मग पुढचं.”

गाणं सुरू झालं. धृपद संपलं. समाधाननं हात उचलला. मांडव एकदम शांत.

“पडला का पुन्हा बंद!” मागून कुणीतरी खिदळलं.

समाधाननं मान खाली घातली नाही. तो मायाच्या पाठीकडं बघत होता. तिचे खांदे वर चढले, थरथरले, आणखी वर गेले. माइकमधून ती शिट्टी सगळ्या मांडवाला ऐकू आली. मागची बाई पुन्हा खिदळायला गेली, तेव्हा छबुबाईंनी वळून तिला दटावलं, “गप गं. दम घेतीय ती.”

मग त्या शांततेत एका कोपऱ्यातून खोकला आला. दुसऱ्या कोपऱ्यातून आणखी एक. माजलगावच्या जिनिंगला जाणाऱ्या बाया तिथं काही कमी नव्हत्या. त्यांना आणखी काही सांगायची गरज पडली नाही.

खांदे खाली आले. समाधानचा हात खाली आला. ढोलकी आणि मायाचा आवाज एकाच वेळी उठला.

दुसऱ्या अंतऱ्याला तो जास्त थांबला, तिसऱ्याला कमी. ती जेवढं मागेल तेवढं. चार वर्षांत त्यानं तिला गाताना असं बघितलंच नव्हतं. मानेवरच्या एका शिरेवरून आता तिला किती लागेल हे त्याला कळायला लागलं होतं.

सहाव्या अंतऱ्याआधी तिनं दम घेतला, खांदे खाली आले. समाधान हात टेकवणार तोच मायानं मागं वळून बघितलं आणि बोट हलवलं. अजून नाही. तिला दमाची काही गरज नव्हती आता, तोंडावरूनच दिसत होतं. नुसतीच हसत होती. नवरा हात अधांतरी धरून उभा, दोनशे बायका पदरात हसतायत, छबुबाई कपाळाला हात लावून बसल्यात, आणि माया त्याला ताटकळत ठेवतेय, लग्नातली नवरी उखाण्यात नाव घेण्याआधी लावते तेवढी वाट बघायला लावतेय.

“घ्या,” ती शेवटी म्हणाली.

त्यानं हात ठेवला.