चादर कोरडी होती

बाबांनी चाळीस वर्षं लाँड्री चालवली. कपड्यांवरचे डाग पाहून त्यांना माणसांची सगळी अंडीपिल्ली कळायची, पण त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. त्यांच्या अँजिओग्राफीत एक मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद निघाली. चार दिवसांनी अँजिओप्लास्टी करू, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबा घरी आले ते परत जायचं नावच काढेनात. "आता बरं वाटतंय." "पुढच्या आठवड्यात बघू." मी समजावलं, रागावले, अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी. सतराव्या दिवशी सकाळी दुकानातच ते गेले. समोर कुणाचा तरी अर्धा इस्त्री केलेला शर्ट होता.

खरं कारण आईने महिन्याने सांगितलं. "त्या तपासणीच्या टेबलावर त्यांना लघवी झाली म्हणे, चादरीतच. भोवती सगळ्या नर्स उभ्या. परत तिथे तोंड दाखवणार नाही म्हणाले. मला शपथ घातली होती गं, कुणाला सांगू नकोस म्हणून."

मी हृदयविभागातल्या सिस्टरना गाठून ते सांगितलं.

"अहो, ते डायमुळे. रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडतो ते औषध आत गेलं की अंगभर गरम होतं, लघवी झाल्यासारखं वाटतं. होत नाही. तुमच्या बाबांची चादर मीच काढली. कोरडी होती."

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

"त्यांनी विचारलं नाही. आणि आम्ही रोज दहा-दहा तपासण्या करतो." मग त्याच म्हणाल्या, "आता आदल्या दिवशी पेशंटला टॅबवर माहिती देणार आहेत. मजकूर आलाय, पण तो आम्हालाच कळत नाही. तुमचे बाबा सांगत होते, तुम्ही पुस्तकं तपासता ना?"

मी शाळेच्या पुस्तकांचं संपादन करते. मजकूर घरी आणला. त्यात एक ओळ होती : 'द्रव्याच्या अंतःक्षेपणानंतर सौम्य उष्णतेची संवेदना संभवते.' यात खोटं काहीच नव्हतं, आणि बाबांना यातलं काहीही कळलं नसतं. मी ती खोडून लिहिलं : 'औषध सोडल्यावर काही सेकंद अंग गरम होईल. लघवी झाली असं वाटेल. झालेली नसते. असं पुष्कळांना वाटतं.'

डॉक्टरांनी बाकी सगळं मान्य केलं. एवढंच सोडून.

"ताई, लोक आधीच धसका घेऊन येतात. हे वाचून पळून जातील."

"माझे वडील न वाचता पळाले."

मी म्हटलं, "उद्याच्या एका पेशंटला वाचायला द्या. तो बिचकला तर मी स्वतः खोडते."

तो पेशंट म्हणजे एक निवृत्त बस ड्रायव्हर. टॅब हातभर लांब धरून, ओठ हलवत वाचत होते. त्या ओळीवर बोट थांबलं. आणि आजोबा खो खो हसत सुटले.

"अगं, हे वाच!"

"हळू बोला, वॉर्ड आहे हा," त्यांची बायको पुटपुटली.

"पण बरं झालं ना सांगितलं! नाहीतर मी टेबलावरूनच गाडी रिव्हर्सला टाकली असती."

दुसऱ्या दिवशी त्यांना स्ट्रेचरवरून बाहेर आणलं. मला पाहून त्यांनी हात वर केला. "ताई, झालं बरं का अगदी तसंच! मी मनात म्हटलं, हां, आली ती ओळ. तरी नंतर चादर चाचपून घेतली."

मागून डॉक्टर मास्क काढत आले. "राहू द्या ती ओळ," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी तो मजकूर मी आईला फोनवर दाखवला. तिने ती ओळ दोनदा वाचली. रडेल असं वाटलं, पण नाही.

"अक्षर मोठं कर जरा," ती म्हणाली. "इतकं बारीक तुझ्या बाबांना चष्म्याशिवाय दिसायचं नाही."

मी अक्षर मोठं केलं.