यिंगच्या नावाचा खिळा

मित्रांनो, तुमच्या ओळखीचे खिळे भिंतीत ठोकतात. मी मात्र छापखान्यातला जुना खिळा आहे, शिशाचा, डोक्यावर एक उलटं अक्षर कोरलेला. हाँगकाँगच्या एका वर्तमानपत्रात मी सात वर्षं चाकरी केली.

माझा जन्म एका नावासाठी झाला. आमच्या पत्रात तलवारबाजांची कादंबरी रोज थोडी थोडी छापून यायची. तिच्या लेखकमहाशयांनी नायिकेचं नाव ठेवलं यिंग, म्हणजे निवळशंख पाणी. अठरा रेघांचं हे अक्षर आमच्या हजारो खणांत कुठेच नव्हतं. मग खिळे जुळवून मजकूर लावणाऱ्या मोक नावाच्या जुळाऱ्यानं कोऱ्या शिशावर ते स्वतः कोरलं, एकदा नाही, आठ वेळा. मी त्यातला पहिला. कोरताना त्याचं बोट कापलं, तरी गडी खूश होता.

"नाव असावं तर असं," तो शेजारच्या जुळाऱ्याला म्हणाला. "नाहीतर आमच्या गल्लीत बघ, सगळ्या पोरी नुसती फुलंच!"

त्याच वर्षी त्याला मुलगी झाली. तिचं नाव त्यानं यिंग ठेवलं. चहाच्या दुकानांत लोक कादंबरीतल्या यिंगचे पराक्रम मोठ्यानं वाचायचे, आणि मी खणात फुगून बसायचो. तेव्हा मला अभिमान वाटला हे कबूल करतो.

सात वर्षांनी एका दुपारी लेखकमहाशय शाई न वाळलेला मजकूर घेऊन आले. मोकनं तो वाचला आणि त्याचा हात थांबला. यिंगनं शत्रूला आपल्या गुरूच्या मठाचं दार उघडून दिलं होतं.

"मास्तर, ही फितूर कशी होईल? नावाचा अर्थ तुम्हीच लिहिलात ना?"

"अरे, म्हणूनच तर! नितळ पाण्याचा तळ दिसतो. लोकांना वाटतं गुडघाभरच आहे, आणि बुडतात. नाव ठेवलं त्याच दिवशी मी हे ठरवलं होतं."

"माझ्या पोरीचं नाव आहे हो ते."

"मग ठेवताना मला विचारायचंस की," ते हसून म्हणाले.

खिळा सापडला नाही की त्या जागी दुसरा एखादा उलटा लावतात. मग कागदावर त्याच्या बुडाच्या दोन काळ्या रेघा उमटतात. मोकनं त्या दिवशी आम्हा आठही जणांना डोक्यावर उभं केलं. सकाळी शहरभर फितुरी छापून आली, फितुराच्या जागी फक्त रेघा. वाचक काय बावळट होते? सगळ्यांनी नाव ओळखलं.

"आठही खिळे एकदम हरवले?" संपादकांनी विचारलं.

"हरवले," मोक म्हणाला.

त्याला कामावरून काढलं. मला खिशात टाकून तो घरी गेला. माझ्या सात भावंडांना दुसऱ्यानं सरळ लावलं, आणि कादंबरी संपल्यावर त्यांना वितळवलं.

शाळेत पोरं ओरडायला लागली, "दार लावा रे, यिंग आली!" मोकची पोर रडत घरी आली.

"बाबा, माझं नाव बदला."

"अगं, अर्थ किती सुंदर आहे बघ. निवळशंख पाणी."

"वर्गात अर्थ कुणी विचारत नाही. सगळे गोष्टच वाचतात."

"विसरतील लोक," मोक म्हणाला. त्याचा हट्ट होता तो. लोक विसरले नाहीत. कादंबरीच्या तीन आवृत्त्या निघाल्या. अठराव्या वर्षी तिनं स्वतःच जाऊन नाव बदललं आणि एका फुलाचं घेतलं. त्यानंतर बापलेक फारसे बोलले नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली निगा राखा म्हणतात. माझं तसं काही मागणं नाही. फक्त एक सांगतो. ज्या माणसाची गोष्ट अजून दुसऱ्या कुणाच्या हातात आहे, त्याचं नाव आपल्या लेकराला देऊ नका. मोकसारखं प्रेमानं दिलं तरी देऊ नका.

मोक वारल्यावर मुलगी घर आवरायला आली. चहाच्या डब्यात मी होतो. तिनं बोलावलेल्या भंगारवाल्यानं मला उजेडात धरलं.

"बाई, हे अक्षर कसलं हो?"

तिनं मला तळहातावर दाबलं. अठराच्या अठरा रेघा कातडीवर सरळ उमटल्या. तिनं त्या वाचल्या.

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि हात अंगरख्याला पुसून तिनं मला परत त्याच्याकडे दिलं.