तीन सुरांची पेटी

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. शहरात मला हार्मोनियम म्हणतात, पण आमच्या डिंगोरे गावात मी पेटीच. सागवानी अंग, कापडी भाता आणि पोटात पितळी सूर. भजनी मंडळाने मला आणले आणि जानकूबुवांनी आयुष्यभर वाजवले. ते गेल्यावर मात्र मी देवळाच्या कोपऱ्यात पोत्याखाली पडून राहिले. उंदरांनी माझा भाता कुरतडला.

मला तिथून उचलले जानकूबुवांच्या मुलीने, रुपालीने. तिने भाता सांधला, सूर पुसले आणि एक अजबच संगीत सुरू केले. ती तीनच सूर घ्यायची. तेच पुन्हा पुन्हा वाजवायची आणि ऐकणाऱ्याच्या नकळत त्यातला एखादा किंचित लांबवायची. आमच्याकडे असे आधी कुणी केलेच नव्हते.

मंडळाचे प्रमुख सुभाषभाऊ वैतागले. "रेकॉर्डची सुई अडकल्यावानी काय वाजवतीस गं? लोक हसत्यात आमाला."

"भाऊ, जुन्नरच्या भजन मेळाव्यात मी हेच वाजवणार हाय."

"वाजव. पण लोक उठून गेले, तर या पेटीला पुन्हा हात लावायचा नाय!"

मेळाव्याला सभागृह गच्च भरले होते. रुपालीने सुरुवात केली. आधी कुजबुज झाली, मग शिट्ट्या. मागच्या रांगा उठू लागल्या. तिची घामेजलेली बोटे माझ्या पट्ट्यांवरून निसटत होती, पण तिने लय सोडली नाही. मीही दम सोडला नाही. हळूहळू शिट्ट्या विरल्या. दाराशी पोहोचलेली माणसे तिथेच थबकली. तेच तीन सूर ऐकून साऱ्यांचे कान तयार झाले होते, आणि तेव्हा रुपालीने चौथा सूर लावला. फक्त एक! अख्ख्या सभागृहाच्या तोंडून "आहा!" निघाले.

ती थांबली. मग टाळ्यांचा नुसता कडकडाट!

सुभाषभाऊ डोळे पुसत मंचावर आले. "लई भारी, पोरी! एवढंसं व्हतं, अन् केवढं झालं! पेटी आता तुझीच."

आज लांबलांबचे वादक तिच्या रचना शिकायला डिंगोऱ्याला येतात. नवी वाट पाडणारी संगीतकार म्हणून तिला मान देतात. माझ्या पट्ट्या पिवळ्या पडल्यात, पण माझा आवाज अजून खणखणीत आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे वाद्य गप्प पडले असेल, तर त्याला ओल लागू देऊ नका, मऊ फडक्याने पुसा. आणि कुणी ते आपल्याच तऱ्हेने वाजवू लागले, तर हसण्याआधी थोडे ऐकून घ्या.