छोट्या गाडीची कुलूपपेटी

मित्रांनो, मी जात्याच संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. पुलगावच्या एका बागेत मुलांची छोटी रेल्वे होती. तिच्या सिग्नलांची मी जुनी कुलूपपेटी. पुंडलिकराव रेल्वेत सिग्नल फिटर होते. निवृत्त झाल्यावर अंगणात बसून त्यांनी मला घडवलं.

वीतभर अंतरावरच्या दोन रुळांतून बॅटरीची बारीकशी वीज माझ्याकडे यायची. रुळांवर गाडीची लोखंडी चाकं आली, की ती वीज चाकांतूनच परत फिरायची. वीज थांबली की मी समजे, पुढे कोणीतरी आहे. मग सिग्नल लाल, आणि गाडी सोडायचा लिव्हर माझ्या पोटात घट्ट. कोणी कितीही ओढो, मागची गाडी सुटत नसे.

"हिचा कोणावरच भरोसा नाई," पुंडलिकराव कौतुकानं सांगत, "म्हणून माहा हिच्यावर हाये."

१९५७च्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांची मुलगी कोकिळा मला तेल घालू लागली. त्याच जागी, त्याच क्रमानं. बाकीच्यांची नजर मात्र बदलली. लिव्हर जरा अडला, की म्हातारा गेला अन् पेटी बिघडली, असं कुजबुजत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मुलांच्या तान्ह्या पोळ्याला, लाकडी बैल घेतलेल्या मुलांनी बाग भरून गेली. गाडी भरली. माझा लिव्हर हलेना.

"लाइन तं खाली दिसते!" गाडी चालवणारा कवडू चिडला. "हे डबडं खोटं बोलून राह्यलं."

"पाण्यानं सडलं असंन," बागेचे कारभारी जयवंता म्हणाले. "काढ तो लिव्हरचा अडणा. पोरं कावली."

कवडूनं पाना लावला. मलाही माझाच संशय आला. पावसाच्या ओलीतूनही वीज गळते, आणि ती ओल मला फसवतेच.

कोकिळेनं पान्यावर हात ठेवला. "कवडूभाऊ, थांबा. मी पायी पाहून येते."

"बुढ्यासारखीच हायेस तू! रोज असंच जाशीन काय?"

"जाईन."

वळणापलीकडे, कण्हेरीच्या आड, पाच वर्षांची नलू रुळांवर पालथी पडून आपला बैल हाकत होती. तिच्या बापानं बैलाला लोखंडी आस आणि लोखंडी चाकं बसवली होती. ती चाकं दोन्ही रुळांवर नेमकी बसली होती.

कोकिळा तिला कडेवर घेऊन आली. कवडूनं पाना खाली ठेवला.

"मी गाडी सोडली असती, बाई."

मला हार घातला, कुंकू लावलं. पण मित्रांनो, मला नलू दिसलीच नव्हती. मला फक्त लोखंड कळलं. बैल तिनं काखेत धरला असता, तर मी बिनदिक्कत रस्ता दिला असता. कोकिळेनं हे ओळखलं. दुसऱ्या दिवसापासून सिग्नल मिळाल्यावरही ती वळणापर्यंत जाऊन येई, मगच गाडी सुटे.

आता गाडी नाही. मी कोठीत गंजते आहे. तुमच्याकडे माझ्यासारखं एखादं यंत्र असेल, तर त्याला तेल घाला. ते नाही म्हणालं, तर का म्हणालं ते शोधा. आणि हो म्हणालं, तरी एकदा पायी जाऊन पाहा.